दगड आम्ही हलवला नाही

आमच्या घराची चूल जालना जिल्ह्यात आहे आणि मोरी शेजारच्या जिल्ह्यात. म्हणजे मी तोंड धुतो एका कलेक्टरच्या राज्यात आणि चहा पितो दुसऱ्याच्या. पावसाळ्यात घर गळतं, तेव्हा दोन्ही जिल्ह्यांत सारखंच गळतं. मोजणीवाले कधी आले तर मोरीसुद्धा अर्धीच पलीकडं निघेल कदाचित, पण ते आजवर आलेले नाहीत, तेव्हा माझंच मोजमाप चालू आहे.

वस्ती चौदा उंबऱ्यांची. सात घरं बौद्धांची, आमचं त्यातलंच, आणि सात कुणब्यांची. मधल्या टेकाडावर कमरेएवढा एक दगड. ती शीव. दर पोळ्याच्या आदल्या दिवशी त्याला चुना लावायचा, हा वस्तीचा रिवाज. आमच्या बाया चुना लावून हात धुतात आणि निघून येतात, कुणब्यांच्या बाया त्यावर हळदकुंकू वाहतात. वर्षानुवर्षं चुन्यावर चुना चढत गेला. माझ्या लहानपणी तो दगड गुडघ्याएवढा होता असं मी शाळेतल्या पोरांना सांगायचो. पोरं माना डोलवायची. मी त्याच वस्तीच्या शाळेत मास्तर होतो, त्यामुळं मान न डोलवण्याची सोय त्यांना नव्हती.

आजाच्या काळात दगडाच्या अलीकडं निजाम आणि पलीकडं इंग्रज. अलीकडं मोगलाई, पलीकडं वऱ्हाड. आजाकडं एक शेळी होती. ती चरायची इंग्रजाच्या गायरानात आणि दूध द्यायची निजामाच्या हद्दीत. म्हणून करोडगिरीच्या नाक्यावरचा शिपाई तिला थांबवून आचळाची जकात मागायचा. आजा म्हणायचा, "साहेब, दूध काढून घ्या, पण शेळीला मोगलाईची रयत म्हणू नका. ती अजून ठरवून राह्यली." ह्यातली शेळी खरी आहे. बाकीचं काही आजानं वाढवलं आणि उरलेलं मी.

दोन राज्यं गेली, तिथं दोन जिल्हे आले, दगड तिथंच. माझं लग्न राहिलं तेही त्याच्यापायी. पाहुणे पोरगी द्यायला यायचे, विचारायचे, "जिल्हा कोन्ता?" आणि मी दगडाकडं बोट दाखवलं की चहा न घेता उठायचे. (वहिनी म्हणते, ते माझं बोलणं ऐकून उठायचे. असेल.)

थोरला भाऊ वारला त्याला पुष्कळ वर्षं झाली. घरात वहिनी, तिची एकुलती मुलगी म्हणजे माझी पुतणी, आणि मी. आधारकार्डाच्या कँपात ज्यानं जे लिहिलं ते लिहिलं. पुतणीच्या कार्डावर हा जिल्हा, वहिनीच्या कार्डावर तो. एका ताटाला बसून दोन जिल्हे जेवतात.

तर एका उन्हाळ्यात विद्यापीठातून एक संशोधक बाई आल्या. सीमेवरच्या माणसांना राज्यसत्ता कशी दिसते, हा त्यांचा विषय. शीवेवरची माणसं सरकारच्या हाती लागत नाहीत, ती दोन सत्तांच्या फटीत आपलं राज्य चालवतात, असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं आणि ते डोळ्यांनी बघायला त्या दोन बस बदलून, शेवटचे चार किलोमीटर चालून आल्या होत्या. पायात बूट, डोक्याला रुमाल, हातात फोन. फोन माझ्यासमोर ठेवून त्यांनी विचारलं, "गुरुजी, सार्वभौमत्व म्हणजे तुमच्या लेखी काय?"

आयुष्यभर मी पोरांना बे एके बे शिकवलं. हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

खरं उत्तर माझ्याकडं होतं. खरं उत्तर असं की सरकार म्हणजे एक बोट. इकडच्या कचेरीत गेलं की ते तिकडं दाखवतं, तिकडच्या कचेरीत गेलं की इकडं. पोलिओचा डोस पाजायला दोन्हीकडच्या बाया यायच्या, एकाच लेकराला दोनदा पाजून जायच्या, आणि पाण्याचं टँकर मात्र एकीकडचंही यायचं नाही. विहिरीच्या तळाशी उतरून वहिनीनं वाटीनं घागर भरलेली मी पाहिली आहे. राज्यसत्ता आम्हाला अशी दिसते. आम्ही तिच्या हाती लागत नाही हे बाईंचं बरोबरच होतं, फक्त चुकवणारे आम्ही नव्हतो.

पण एवढं सांगितलं असतं तर बाईंनी मान हलवली असती, चुकचुकल्या असत्या आणि फोन उचलून गेल्या असत्या. दोन बस बदलून आलेल्या बाईला मी काय चुकचुकायला लावू?

मी म्हणालो, "दगड आम्ही हलवतो, बाई."

"हलवता?"

"आता इकडं घरकुलं आली की दगड घरामागं नेऊन ठेवायचा. म्हणजे सगळी वस्ती जालन्यात. तिकडं पीकविमा जास्त मिळायला लागला की घरापुढं आणायचा. म्हणजे वस्ती तिकडं. दोन बैलजोड्या, चौदा माणसं आन् एक ढोल लागतो."

"ढोल कशाला?"

"दिवसाढवळ्या न्यायचा म्हणल्यावर कुणी विचारलं तर सांगायला. वरात हाय म्हणायचं."

बाईंचे डोळे असे चमकले की मला माझी सगळी नोकरी आठवली. एवढ्या कौतुकानं एकाही पोरानं माझं ऐकलं नव्हतं. मग मी थांबलो नाही. दोन्हीकडचं रेशन, दोन्हीकडं मतदान, दोन तलाठ्यांना एकाच खाटेवर बसवून एकमेकांना सलाम करायला लावलेला. सगळं सांगितलं.

वहिनी चहा घेऊन आली होती. दारात उभी राहून तिनं ऐकलं आणि बाईंना म्हणाली, "बाई, ह्यांचं निम्मंच ऐकायचं. आन् ते निम्मं बी लिहून घ्यायचं न्हाई."

बाई खळखळून हसल्या आणि हेसुद्धा लिहून घेतलं.

त्यानंतर दीड वर्षानं पुतणीचं नाव सरकारी नर्सिंग कॉलेजच्या यादीत लागलं. आमच्या वस्तीतून आजवर यादीत लागलेली नावं म्हणजे मतदारयादीतली, तीही निम्मी चुकीची. वहिनीनं चौदा घरी साखर वाटली. कागदपत्रं द्यायला अकरा दिवस होते. बाकी सगळं होतं, एक अधिवासाचा दाखला तेवढा नव्हता, आणि त्याच्यासाठी तलाठ्याचा रहिवासी दाखला लागतो. पोरीला मागं बसवून मी मोटारसायकल काढली.

तलाठी तरुण पोरगा, वागायला नरम. त्यानं अर्ज घेतला, वस्तीचं नाव वाचलं आणि अर्ज हळूच माझ्याकडं सरकवला.

"गुरुजी, वस्तीचे दाखले बंद आहेत."

"कधीपासून?"

त्यानं फोन काढून एक कात्रण दाखवलं. मथळा होता, दोन सरकारांना खेळवणारी वस्ती. खाली लिहिलं होतं की एका अभ्यासात असं आढळून आलं आहे. नाव कुणाचंच नव्हतं. 'एका निवृत्त शिक्षकाने सांगितले' एवढंच होतं. वस्तीत निवृत्त शिक्षक एकच आहे, आणि तो ते कात्रण वाचत होता. बैलजोड्या होत्या, ढोल होता, दोन्हीकडचं रेशन होतं.

"वरून चौकशी लागली ना," तलाठी म्हणाला. "ती होईस्तोवर कुणालाच काही द्यायचं न्हाई."

पुतणीनं माझ्या खांद्यावरून सगळं वाचलं.  येताना गाडीवर तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, रस्ता तरी कटला असता.

दुसऱ्या दिवशी पलीकडच्या जिल्ह्याच्या कचेरीत गेलो. तिथल्या कारकुनानं चष्म्यावरून बघितलं, "त्याच वस्तीचे का? मंग दगड सध्या कुठं ठेवलाय?" सगळी खोली हसली. माझा विनोद मलाच ऐकवत होते, आणि मला तो पहिल्यांदाच कळला.

मग आमच्याच तालुक्याला नायब तहसीलदारांकडं गेलो. ते म्हणाले, लेखी द्या. कचेरीबाहेर लिंबाच्या झाडाखाली टायपिंगवाला बसतो. त्याच्यापुढं बसलो.

"विषय काय टाकू?"

"खोटं बोलल्याबद्दल."

"कोणाशी?"

"शास्त्राशी."

त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि टाईप केलं. मी, निवृत्त शिक्षक, शपथेवर लिहून देतो की सदर दगड आम्ही कधीही हलवलेला नसून मी संशोधकांना सांगितलेली सर्व हकिकत मनाने रचलेली आहे. उभ्या आयुष्यात एवढं कोरडं वाक्य माझ्या नावावर नव्हतं.

नायब साहेबांनी ते दोनदा वाचलं. माणूस वाईट नव्हता. पण डोकं वकिलाचं होतं.

"गुरुजी, तुम्ही तेव्हा खोटं बोललात की आता बोलताय?"

"तेव्हा, साहेब."

"आता खरं कशावरून?"

"पोरीचं ॲडमिशन अडलंय. आठ दिवस राह्यले."

"म्हणजे आत्ता खोटं बोलायला तुमच्याकडे कारण आहे. तेव्हा काय कारण होतं?"

 काय सांगू? तेव्हा कारण काहीच नव्हतं. एक बाई लांबून आली होती आणि ऐकून राह्यली होती, म्हणून बोललो. हे कुठल्या रकान्यात बसतं? तोंडात दोन-तीन उत्तरं तयार होती, मोठी चांगली होती, पण ती सगळी बनवलेली होती. मी ती गिळली.

साहेब म्हणाले, "मी गुरुवारी स्वतः येतो. दगड जागेवरचाच आहे असं दिसलं तर चौकशी तिथंच मिटवतो. संध्याकाळी दाखला घेऊन जा."

कागद द्यायची शेवटची तारीख शनिवार होती.

बुधवारी सकाळी मी जालन्याला पळालो. मस्तगडात माझा एक वर्गमित्र राहतो, मोजणी खात्यातून निवृत्त झालेला. म्हणलं, जुना नकाशा, टिपण, काहीतरी देईल. त्यानं सगळं ऐकलं, आधी पोटभर हसला, मग म्हणाला, "नकाशा काय करतो लेका? दगडच साक्ष देईल तुझी. जुन्या दगडाच्या बुडाची माती कशी असते ठाऊक हाय का? दगडापेक्षा घट्ट. वरून चुन्याचे ओघळ जमिनीत मुरलेले असतात, थरावर थर. साहेबाला म्हणावं, खुरपं घाला आन् बघा. आंधळ्याला बी कळतं की हा उपटलेला न्हाई. फक्त एक कर. कुणाला हात लावू देऊ नको."

मी त्याच्या पाया पडलो. तो माझ्याहून चार महिन्यांनी लहान आहे, तरी पडलो. वहिनीला फोन लावला. आमच्या वस्तीत दोन्ही जिल्ह्यांची रेंज येत नाही. टेकाडावर दगडाजवळ उभं राहिलं तरच लागतो, आणि वहिनीचा फोन असतो घरी चुलीपाशी. लागला नाही. वाटेत हसनाबादेत गाडी बदलताना पुन्हा लावला, लागला नाही. खिडकीला डोकं टेकून मी बसलो होतो आणि कितीतरी दिवसांनी मला हलकं वाटत होतं. मी जन्मभर एवढं बोललो, आणि आता माझ्या बाजूनं बोलणार कोण, तर माती. हेच मनात घोळत होतं.

ऊन उतरायच्या वेळी वस्तीवर पोचलो. टेकाडावर सगळी वस्ती जमली होती. हसत होती. मधोमध दगड. सरळ, ताठ, काळाभोर, तेल लावल्यासारखा. तारेच्या ब्रशनं घासून त्याचा सगळा चुना काढला होता. भोवती सिमेंटचा चौकोनी ओटा, ओला, त्यावर कुणाच्या तरी न्हाणीघरातल्या उरलेल्या निळ्या फरश्या. वहिनी गुडघ्यावर बसून थापीनं कडा सारखी करत होती. कोपरापर्यंत सिमेंट.

"आले का भाऊजी?" तिनं वर पाहिलं. चेहरा असा खुलला होता की भाऊ गेल्यापासून मी तो तसा पाहिला नव्हता. "कसा वाकडा झाल्ता, कसा मळला व्हता. साहेब येनार आन् असा दगड दाखवायचा? पुरा काढला, धुतला, आन् बराबर जागेवर बसवला. सूत धरून. बोटभर बी हलू दिला न्हाई."

आमच्या वस्तीवर साहेब येणार म्हणलं की हेच होतं. मागं कधीतरी एक साहेब शाळा बघायला आले होते, तर आम्ही शाळेसमोरचा चढ खणून सपाट केला होता, आणि साहेब गाडीतून उतरलेच नव्हते. मला हे माहीत होतं. मीच शिकवलं होतं चौदाही घरांना. सकाळी निघताना एक वाक्य सांगून गेलो असतो तर पुरलं असतं. पण मी न सांगता गेलो. आयुष्यात एवढ्या एका दिवशी मी कमी बोललो.

मी मातीत बसलो आणि वर्गमित्र काय म्हणाला ते सांगितलं. बुडाची माती. चुन्याचे ओघळ. थर.  कुणी हसत नव्हतं.

वहिनीनं थापी खाली ठेवली.

"मंग आता परत माती घालू?" तिनं विचारलं. "बराबर घालते. तशीच दाबते. सांगा ना भाऊजी, कशी दाबू?"

आणि तिनं नखांनी ओलं सिमेंट उकरायला सुरुवात केली. पुतणी तालुक्याहून कागदांच्या झेरॉक्स घेऊन तेवढ्यात आली, तिनं आईचे हात धरले. ती सोडेना. "सोड, वाळून जाईल," एवढंच म्हणत होती.

मग आम्ही जे केलं ते लिहायची लाज वाटते. फरश्या काढल्या, ओटा फोडला, माती भरली, पाणी मारून धुमसानं चोपली. वर जुनं दिसावं म्हणून शेण, राख, ताक. चुन्याचे तीन हात. मी उभा राहून सांगत होतो, इथं जरा काळं करा, इथं गवत रोवा. सरकारला फसवण्यासाठी वस्तीनं हातात मातीची पाटी घेतली ती तेव्हाच पहिल्यांदा, आणि जे सिद्ध करायला घेतली होती ते खरं होतं.

गुरुवारी साहेब आले. टेकाडावर चढायच्या आधीच नाकाला रुमाल लावला. ताक आंबलं होतं. दगडाला त्यांनी नुसता पाय लावला. तो हलला. ओल्या शेणात त्यांचा बूट रुतला.

"हा कोणी उपटला?"

चौदा घरं माझ्याकडं बघायला लागली. मी तोंड उघडायच्या आत वहिनी पुढं झाली.

"म्या उपटला. ह्या हातानं. तुमी येनार म्हणून साफ केला साहेब. पण जागेवरच हाय. सूत धरलं व्हतं. कोणाची बी शपथ घ्यायला लावा."

"ताई, जागेवरच आहे हे मला आता कशावरून कळणार?"

 तिनं हात पुढं केले. नखं फुटलेली, बोटांच्या फटीत वाळलेलं सिमेंट. जणू तोच दाखला होता.

पुतणी तोवर मागं उभी होती. ती साहेबांसमोर आली. "साहेब, मी महाराष्ट्रात राहते ना?"

"हो. अर्थातच."

"दगडाच्या इकडं असू द्या नाहीतर तिकडं. पण महाराष्ट्रातच ना?"

"हो बेटा. त्याच्यात वादच नाही."

"मंग तेवढंच लिहून द्या."

साहेबांनी रुमाल खाली घेतला. त्यांना खरंच वाईट वाटलं असावं. म्हणाले, "तेवढंच लिहायचा फॉर्म नाही."

पंचनामा झाला. दगड नुकताच उपटून पुन्हा बसवल्याचे दिसून येते. पंच म्हणून सही मागितली, वस्तीतलं कुणी पुढं येईना. मी केली. वहिनीनं माझ्याकडं पाहिलं. पण कागदावर लिहिलेलं खोटं कुठं होतं?

शनिवारी पुतणी आणि मी कॉलेजच्या खिडकीशी उभे होतो. बाकीचे सगळे कागद फाईलमध्ये, आणि वर माझं शपथपत्र. खिडकीतल्या मॅडमनी फाईल चाळली, शपथपत्र वाचलं, दुसऱ्या मॅडमला दाखवलं, दोघी हसल्या, मग पोरीचा चेहरा बघून हसायच्या थांबल्या. "पाचपर्यंत आणा," म्हणाल्या. आम्ही कुठून आणणार? तरी पाचपर्यंत थांबलो. खिडकी बंद झाली आणि पुढच्या आठवड्यात यादीतलं पुढचं नाव वर सरकलं.

पुतणी रडली नाही. तिनं जालन्यात एका बियाण्याच्या कारखान्यात पाकिटं भरायचं काम धरलं आणि मस्तगडात एक खोली बघितली. एका जिल्ह्याच्या पोटात, बराबर मधोमध, जिथून कुठलीच शीव दिसत नाही अशी. भाडेकरार करायचा, त्यावर नवं आधार, नवं मतदारकार्ड, आणि पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा. वहिनीही तिच्याबरोबर निघाली. माझ्याशी ती तेव्हा बोलत नव्हती, पण पत्र्याची पेटी उचलताना दुसऱ्या बाजूला मी हात लावला तर तिनं काढायला लावला नाही.

भाडेकराराला साक्षीदार लागतो. पुतणी म्हणाली, "काका, तुम्ही सही करा."

"माझी सही कोण खरी धरील, पोरी?"

"ह्यात बोलायचं काही न्हाई. नुसती करायची."

मी केली. घरमालक सुपारी कातरत बसले होते. गप्पिष्ट माणूस. कागद घडी करता करता त्यांनी मला विचारलं, "गुरुजी, शीवेवरची वस्ती म्हणे तुमची. कसंय गाव?"

तोंडात शेळी आली, नाका आला, आजा आला. पुतणी स्टोव्हची पिन शोधत होती. तिचे हात थांबले.

"लहान आहे," मी म्हणालो.